केरळ, गोवा की पोलंड? चर्च आणि मतपेटीवर लघुप्रबंध करणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या मराठी घरांतून राज्यशास्त्राकडे वळणारी मुलं मुळातच कमी. त्यांतल्या दोघातिघांच्या डोक्यात यंदा एकच विषय शिरलाय: कॅथलिक चर्च आणि निवडणुका. विषय चांगलाच आहे. गाडं अडतं ते प्रदेश ठरवताना. हंसा मेहता ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून हाच खल चालतो, म्हणून माझं मत एकदाच लिहून टाकतो.

पोलंडचं आधी उरकू. ४ जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने, म्हणजे कामगार संघटनेतून उभ्या राहिलेल्या कम्युनिस्टविरोधी चळवळीने, सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या, आणि गावोगाव प्रचाराचा मुक्काम चर्चच्या आवारातच होता. पण १९९५ मध्ये चर्चचा कल सॉलिडॅरिटीचे नेते वालेंसांकडे असूनही माजी कम्युनिस्ट क्वाश्निएव्स्की राष्ट्राध्यक्ष झाले. वाचायला झकास प्रकरण आहे. मात्र पोलिश येत नसेल तर इंग्रजी पुस्तकांचा गोषवारा लिहाल, आणि बाहेरून आलेले परीक्षक तो बरोबर ओळखतील.

गोवा आपल्याला घरचा वाटतो आणि तिथेच फसायला होतं. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर शिक्का म्हणजे वेगळा संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली ख्रिस्ती मतं दोन पानांकडे गेली याबद्दल वाद नाही. पण तेवढ्यावरून ‘चर्चचा प्रभाव’ असं शीर्षक दिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला सापडाल. ख्रिस्ती लोक गोव्यात बहुसंख्य नव्हते. हिंदूंनीही हात दिल्याशिवाय ५४ टक्के होत नाहीत. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक विलीनीकरणाविरुद्ध लढलं ते चक्क मराठीतून. कोकणीची अस्मिता होती, जॅक सिक्वेरांचा विलीनीकरणविरोधी पक्ष होता, महाराष्ट्रातली दारूबंदी इकडे येईल ही धास्ती होती. या गर्दीत चर्चचा वाटा वेगळा काढणार कसा? नंतरच्या काळातही गोव्यात चर्चचं वजन मतमोजणीपेक्षा अनुदानाच्या वाटाघाटींत जास्त दिसतं. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना, म्हणजे बहुतांशी चर्चच्या शाळांना, अनुदान चालू राहिलं आणि त्यावरून २०१६ मध्ये संघाचे तिथले नेते सुभाष वेलिंगकर यांनी भाजपशी उघड पंगा घेतला. हा दबावगटाचा अभ्यास झाला, मतदानाचा नव्हे.

उरलं केरळ. तिथे आत शिरायला दोन दारं आहेत. पहिल्या दाराने सगळे जातात: १९५७ चं नंबूद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार, शिक्षणमंत्री मुंडश्शेरींचं शिक्षण विधेयक, सरकारविरोधी आंदोलन ‘विमोचन समर’, ३१ जुलै १९५९ ला केंद्राने केलेली बरखास्ती. विधेयकाचं ११ वं कलम जरूर वाचा. खाजगी अनुदानित शाळांतले शिक्षक लोकसेवा आयोगाच्या यादीतूनच घ्यायचे, असं त्यात होतं. चर्चच्या शेकडो शाळा, म्हणजे नेमणुकीचा अधिकारच हातातून गेला. चर्च का पेटलं ते इथे कळतं. पण आंदोलनाचे पुढारी होते नायर समाजाचे मन्नत्तु पद्मनाभन, आणि सोबत काँग्रेस, मुस्लिम लीगही. १९६० ला कम्युनिस्टांच्या जागा ६० वरून २९ वर आल्या, मतं मात्र ३५ वरून ३९ टक्क्यांवर चढली. मतदार फिरला म्हणण्यापेक्षा विरोधक एकवटले म्हणणं जास्त खरं. म्हणजे पुन्हा गोव्याचीच अडचण.

दुसरं दार इडुक्की या डोंगराळ जिल्ह्याचं, २०१४ च्या लोकसभा निवडणुकीचं. मी असतो तर हेच घेतलं असतं. मतदारसंघ एक, मुद्दा एक, चर्चची भूमिका जाहीर. मुद्दाही आपल्या ओळखीचा: पुण्याच्या माधव गाडगीळांचा पश्चिम घाट अहवाल, आणि त्यामागून आलेला कस्तुरीरंगन अहवाल, ज्यात केरळची १२३ गावं पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरली. डोंगरावर वेलची-मिरी लावून बसलेल्या शेतकऱ्यांना वाटलं, जमिनीचे पट्टे, म्हणजे मालकीचे कागद, आता मिळत नाहीत. इडुक्कीचा धर्मप्रांत, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखालचं चर्च, उघडपणे शेतकऱ्यांच्या बाजूने उतरला. गाडगीळांची बाजू घेणारे काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा निघाली आणि त्यांचं तिकीटही कापलं गेलं. निवडून आले जॉइस जॉर्ज, चर्चचा आशीर्वाद असलेले अपक्ष, आणि पाठिंबा कोणाचा, तर डाव्या आघाडीचा! १९५९ वाचून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

पुढचा भाग आणखी उपयोगाचा. थॉमस २०१६ ला त्रिक्काकरातून आमदार झाले. २०१९ ला तेच जॉर्ज इडुक्कीत १ लाख ७१ हजार मतांनी पडले. मग २०१४ ला मतं चर्चच्या शब्दाला पडली होती की पट्ट्यांना? लघुप्रबंधाला झेपेल असा हा प्रश्न आहे.

कामाचं बोलायचं तर मतदान केंद्रनिहाय आकडे फॉर्म २० मध्ये, म्हणजे निवडणूक आयोगाच्या अंतिम निकालपत्रकात, मिळतात. पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या कार्यक्षेत्राच्या, हद्दी केंद्रांशी जुळत नाहीत, ते कष्ट हातानेच करावे लागतील. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२३ वं कलमही शेजारी ठेवा. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मागणं त्यात भ्रष्ट आचार ठरतं, तेव्हा चर्चमध्ये वाचलेलं पत्र नेमकं कुठवर जातं हे तपासता येईल. मल्याळमची अडचण आहेच. पण रिफायनरी आणि खत कारखान्याच्या नोकऱ्यांमुळे बडोद्यात मल्याळी कुटुंबं भरपूर आहेत. चर्चकडे झुकणारं ‘दीपिका’ आणि मार्क्सवादी पक्षाचं ‘देशाभिमानी’ या दोन्ही दैनिकांतल्या त्या महिन्यांच्या बातम्या कुणाकडून तरी वाचून घ्या. एकाच बाजूची वाचलीत तर फुकट.

एवढं सांगूनही गोवाच हवा असेल तर खुशाल घ्या, फक्त शीर्षकातून चर्च काढा आणि ‘मराठी दैनिकं आणि जनमत कौल’ असा विषय नोंदवा.