चाळीस रुपयांची बॅटरी आणि माझे ६१,३०९ रुपये

आधी हिशेब. १,४९९. मग २४,९९९. पुन्हा २४,९९९. शेवटी ९,८१२. एकूण ६१,३०९ रुपये. आणि बिघाड काय होता? कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवरची, म्हणजे मदरबोर्डवरची, सीआर२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली होती. नागपूरच्या बाजारात, बर्डीवर, चाळीस रुपयांत मिळाली. नंतर.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी कॉम्प्युटर लावला तर वायफाय जोडलेलं, पण एकही साइट उघडेना. मोबाइलवर मात्र त्याच वायफायवर सगळं धडाधड चालू. लाइन ठीक, राउटर ठीक, दोष या डब्यातच आहे, हे एवढ्यावरूनच कळायला हवं होतं. स्क्रीनवर तर लिहूनच आलं होतं, 'युअर क्लॉक इज बिहाइंड', आणि खाली तारीख-वेळ दुरुस्त करायचं बटणही होतं. मी त्यातलं 'प्रायव्हेट कनेक्शन' होत नाही एवढंच वाचलं आणि धसकलो. कोपऱ्यातल्या घड्याळात तारीख होती १ जानेवारी २०१५.

रात्री मी भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करतो. वीज नसताना घड्याळ चालवते ती हीच बॅटरी. ती संपली की तारीख मागे कुठल्या तरी साली जाते. प्रत्येक सुरक्षित साइटची ओळख पटवणारं एक प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि २०१५ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं दिसत नाही. म्हणून तो दार लावतो. विंडोज वेळ आपोआप जुळवतं खरं, पण फरक पंधरा तासांहून जास्त असला की बरेचदा जुळवत नाही. तारीख बरोबर असूनही साइट उघडत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या काळ्या खिडकीत 'ping 8.8.8.8' टाइप करा, हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता आहे. उत्तर आलं पण साइटच्या नावाने पिंग होत नसेल तर घोळ डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. दोन्ही चालतंय आणि ब्राउझरच अडतोय, तर सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, कोणी चालू करून ठेवलाय का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही, मी मोबाइलवर इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरचा नंबर शोधला.

सगळ्यात वरचा निकाल. शेजारी बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड', म्हणजे जाहिरात. दहा आकडी मोबाइल नंबर. इंटरनेट कंपनीचा नंबर तिच्या बिलावर असतो, बिल ड्रॉवरमध्ये होतं, आणि ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागून होता.

"सर, आपका आयपी ब्लॉक हुआ है, हॅकर बैठा है." पुढचं तुम्हाला माहीत आहेच. स्क्रीन दाखवायचं अॅप टाका म्हणाला. पण अॅपची साइट तरी कुठून उघडणार? तेव्हा त्याने मला घड्याळावर राइट क्लिक करायला लावलं, आजची तारीख टाकायला लावली, आणि पान उघडलं. एका क्षणात. म्हणजे चोरानेच माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला, फुकट, दोन मिनिटांत! तिथे फोन ठेवायचा होता. दुसऱ्या टॅबमध्ये माझी मेलसुद्धा उघडली होती, मी पाहिली. तरी तो बोलून राहिला होता अन् मी ऐकून राहिलो होतो.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणा दाखवल्या, म्हणे हे सगळे व्हायरस. चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही तिथे शेकडो लाल-पिवळ्या खुणा असतात, आत्ता उघडून बघा. कॉम्प्युटर कुणाकुणाशी जोडलाय ते दाखवणाऱ्या नेटस्टॅटच्या यादीतला 'फॉरेन अॅड्रेस' म्हणजेही परदेशातला हॅकर नव्हे, फक्त पलीकडचा पत्ता. मी 'सिक्युरिटी प्लॅन'चे १,४९९ यूपीआयने भरले. मग त्याला आठवलं की जीएसटी जास्त घेतला गेला, २७० रुपये परत करायचेत, कार्डाचे तपशील या फॉर्ममध्ये भरा. स्क्रीन काळी झाली, "अपडेट चल रहा है". ११.५२ ला पहिला ओटीपी, ११.५४ ला दुसरा. दोन्ही मी वाचून दाखवले, आणि दोन्ही वेळा २४,९९९ गेले.

मी अडाणी नाही. बावीस वर्षं टॅली आणि एक्सेलवर काढली. पण नोटिफिकेशनमध्ये मेसेज अर्धाच दिसतो, सहा आकडे वर आणि रक्कम खाली कापलेली. मेसेज पूर्ण उघडा आणि रक्कम वाचा. पैसे परत यायला ओटीपी लागत नाही, यूपीआय पिनही लागत नाही. आणि स्क्रीन काळी झाली की विचार करत बसू नका, राउटरचं बटण बंद करा.

बँकेला १२.०५ ला फोन लावला. भाषा निवडा, एक दाबा, चार दाबा, संगीत ऐका. तक्रार क्रमांक मिळाला १२.२१ ला. "कार्ड ब्लॉक झालं सर." आणि १२.३९ ला त्याच कार्डावरून ९,८१२ गेले, परदेशी साइटवर. तिथे ओटीपी लागलाच नाही. मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार कधी तरी चालू केले होते, ते तसेच राहिले. तुमचे आजच बंद करा.

पोलीस ठाण्यात गेलो तर विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि इन्स्पेक्टर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी ऐकलं, "तुमची हद्द वेगळी आहे." तिसऱ्या दिवशी, "ओटीपी तुम्हीच दिला ना?" १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी प्रिंट काढून नेली. हवालदाराने ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला.

तुम्ही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, तो विचारतातच. त्या कॉम्प्युटरवरचं रिमोट अॅप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. बॅटरी बदलताना पिन भिंतीवरच्या स्विचबोर्डातून काढा, बाजूची पत्री क्लिप ढकला की जुनी उडून वर येते. नवीची अधिक खूण वर. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, तारीख टाका.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ४९,९९८ वर मी बोलत नाही, जीभ माझीच होती. पण ९,८१२ तक्रार क्रमांक मिळाल्यावर अठरा मिनिटांनी गेले. हेच लिहून दिलं. बँकेचं उत्तर आलं, एका ओळीचं: ओटीपी ग्राहकाने उघड केल्यामुळे दावा अमान्य. मी उलट पत्र टाकलंय, त्या ९,८१२ च्या व्यवहाराचा ओटीपी मेसेज कधी पाठवला त्याची वेळ कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. आज सव्विसावा दिवस.