डॉकर डेस्कटॉप, आठ महिन्यांनंतर: ठिपका हिरवा, पान कोरं

डॉकर डेस्कटॉप म्हणजे ॲप्स कंटेनरमध्ये, म्हणजे एकेका बंद डब्यात, चालवणारा प्रोग्राम. माझ्याकडे विंडोज ११, डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), १६ जीबी रॅम. बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट दुखण्यावर येतो. कंटेनर चालू, डॅशबोर्डवर हिरवा ठिपका, ‘डॉकर पीएस’मध्ये (चालू कंटेनरांची यादी) ८००० पोर्ट, म्हणजे ॲपकडे जाणारा त्या क्रमांकाचा दरवाजा, जोडलेला दिसतोय, आणि ब्राउझरमध्ये ठणठण गोपाळ. सगळं आलबेल दाखवणाऱ्या या एका हिरव्या ठिपक्यापायी माझ्या हिशेबात दोन तारे गेले.

गोम अशी, की डेस्कटॉपवर पोर्ट धरून बसते ती डॉकरचीच पार्श्वभूमीतली प्रक्रिया. आलेलं कनेक्शन ती आधी स्वीकारते, मग आतल्या व्हर्च्युअल मशीनकडे पुढे ढकलते. आत ऐकायला कोणी नसेल तर गुपचूप तोडून टाकते. म्हणून ‘कर्ल’ (पान मागवून बघायची कमांड) बहुतेक वेळा ‘एम्प्टी रिप्लाय’ म्हणतं, कोड ५२. उलट ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर पोर्ट जोडलेलाच नाही: ‘-पी’ (पोर्ट जोडणारा पर्याय) राहून गेलं किंवा कंटेनर मेला. डॉकरफाइलमधली (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवायची कृती) ‘एक्स्पोज’ ओळ नुसती नोंद असते, तिने पोर्ट उघडत नाही. या दोन उत्तरांतला फरक ओळखला की निम्मा शोध तिथेच संपतो.

‘एम्प्टी रिप्लाय’चं कारण बहुधा एकच: आतलं ॲप १२७.०.०.१ वर ऐकतंय. वेब ॲप बनवायच्या साधनांपैकी जँगोचा ‘रनसर्व्हर’, फ्लास्क, व्हीट, तिघांचीही मूळ सवय हीच. कंटेनरचा १२७.०.०.१ हा त्याचा स्वतःचा, बाहेरचा माणूस तिथे पोचत नाही. ‘रनसर्व्हर ०.०.०.०:८०००’ लिहा, फ्लास्क-व्हीटला ‘--होस्ट ०.०.०.०’ द्या, म्हणजे ॲप सगळ्या पत्त्यांवर ऐकेल. खात्री करायला आत शिरून ‘एसएस -एलएनटी’ चालवा, कुठल्या पत्त्यावर ऐकणं चालू आहे ते दिसतं. स्लिम, म्हणजे छाटलेल्या, इमेजमध्ये बऱ्याचदा हे हत्यार नसतं, तेव्हा ‘/प्रॉक/नेट/टीसीपी’ ही फाइल वाचा. ०१००००७एफ:१एफ४० दिसलं तर रोग पकडला: पत्ता उलट्या क्रमाने लिहिलेला १२७.०.०.१ आणि १एफ४० म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायात) लिहिलेले ८०००. पत्त्याच्या जागी आठ शून्यं हवीत, म्हणजे ०.०.०.०.

आता आधीचं मत थोडं बदलतो. हिरव्या ठिपक्याचा राग सगळ्याच बिघाडांवर काढणं बरोबर नाही, एक बिघाड विंडोजकडचा आहे. कंटेनर सुरूच होत नाही, सॉकेटला परवानगी नाही असा संदेश येतो आणि ‘नेटस्टॅट’मध्ये (पोर्ट कोणी धरलाय ते दाखवणारी कमांड) त्या पोर्टवर कोणीच नसतं. ‘नेटशेल’ या विंडोजच्या नेटवर्क कमांडमधून टीसीपीची एक्सक्लुडेड पोर्ट रेंज (राखून ठेवलेल्या पोर्टची यादी) काढून बघा, तुमचा पोर्ट त्यात सापडेल. विंडोजची विननॅट ही नेटवर्क सेवा बूट होताना असे गठ्ठे राखून ठेवते. ॲडमिन खिडकीत ‘नेट स्टॉप विननॅट’, कंटेनर सुरू, मग ‘नेट स्टार्ट विननॅट’ ही झाली मलमपट्टी. कायमचा इलाज म्हणजे डायनॅमिक पोर्टची (विंडोज स्वतःहून वाटते ते) सुरुवात ४९१५२ आणि संख्या १६३८४ आहे ना ते तपासणं. सुरुवात १०२४ वर घसरली असेल तर ती परत वर नेऊन मशीन रीबूट करा.

कंटेनरमधून डेस्कटॉपवरच्या डेटाबेसकडे जायचं तर पत्ता ‘होस्ट.डॉकर.इंटर्नल’. दोन कंटेनरांत मात्र कंपोजमधलं (अनेक कंटेनर एकत्र चालवायचं साधन) सेवेचं नाव आणि आतला पोर्ट: ५४३३:५४३२, म्हणजे बाहेरचा ५४३३ आतल्या ५४३२ ला, जोडलं असलं तरी शेजारच्याने ५४३२ वरच यायचं. इथे चुकणारे फार.

ऑफिसचा व्हीपीएन लावला की डॉकरचे १७२.१७ पासूनचे पत्ते ऑफिसच्या पत्त्यांशी भिडू शकतात. सेटिंग्जमध्ये डॉकर इंजिनच्या (कंटेनर चालवणारा गाभा) जेसनमध्ये, म्हणजे सेटिंगच्या मजकुरात, डीफॉल्ट ॲड्रेस पूल (पत्त्यांचा साठा) १०.२००.०.०/१६, आकार २४ असा द्या (ऑफिस १०.२०० वापरत असेल तर दुसरा). जुनी नेटवर्कं त्याने आपोआप बदलत नाहीत. आधी ‘कंपोज डाउन’, मगच पुन्हा वर.

पैशांचं म्हणाल तर २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असलेल्या कंपनीला फुकट. आमच्यासारख्यांना फुकट, म्हणून कुरकुर करत का होईना वापरतोय. माणशी पैसे भरायची वेळ आली तर डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटू लिनक्सवर नुसतं डॉकर इंजिन टाकेन. डॅशबोर्ड जाईल, त्याबरोबर तो ठिपकाही. तूर्त तीन तारे.