रत्नागिरीतल्या आमच्या वकीलबाई: पाचपैकी साडेचार

नाव देत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि मॅडमनी स्वतःच "माझं नाव कुठे घालू नका हं" म्हणून बजावलंय. तरी लिहितेय, कारण आमच्या गटातल्या बायका सारखं विचारतात, "वकिलाकडे कशाला गेलीस? भांडण झालं का?" भांडण झालं नव्हतं. ते व्हायच्या आधी गेले, म्हणून हे लिहायला बसता येतंय.

पावसच्या पुढे आमची वाडी. कोकम आगळ, अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी, सात वर्षं सगळं पडवीत चाललं. मग सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज काढून शेड बांधायचं ठरवलं. त्यात तेव्हा ३५ टक्के अनुदान मिळत होतं. आमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली सहा मुंबईला. म्हणून वाडीतल्या आबांची रस्त्यालगतची जागा १५ वर्षांच्या भाड्याने घ्यायची असं बोलणं झालं. आबा म्हणजे घरचाच माणूस. मी कागदाचा विषय काढला तर म्हणाले, "अगो, आपल्यात कसला कागद?" तरी मिस्टरांनी ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप करून नोटरी करून आणला. चिऱ्याच्या दोन गाड्या उतरल्या. जोत्याची आखणी झाली.

मॅडमकडे गेले ती खरं तर फूड लायसन्सचं विचारायला. ऑफिस कोर्टाजवळ, एका जुन्या कौलारू घराच्या पुढच्या खोलीत. बाहेर ओट्यावर बाक, त्यावर आधीच चार माणसं. पाऊण तास थांबले. आत गेल्यावर मी सगळी फाइल पुढे ठेवली. त्यांनी एकेक कागद काढून टेबलावर दोन गठ्ठे केले. डावीकडचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्यासाठी मला पैसे देऊ नका."

त्या गठ्ठ्यात उद्यम नोंदणी होती. ती आधारवर घरबसल्या होते आणि फुकट आहे. गावात एकाने त्याचे माझ्याकडे दीड हजार मागितले होते. फूड लायसन्स होतं. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असल्याने मी केलं तेव्हा नुसती नोंदणी पुरली, वर्षाला १०० रुपये. ट्रेडमार्कचा अर्जही त्यातच. छोट्या उद्योगाला ऑनलाइन भरला तर एका वर्गाला साडेचार हजार फी. मॅडम म्हणाल्या, आधी स्वतः वेबसाइटवर शोधा, तसंच नाव कोणी घेतलंय का बघा, मग अर्ज भरा. तिकडून आक्षेपाचा अहवाल आला तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा मात्र या. आपल्या तोंडाने स्वतःचं काम कमी करणारा वकील मी पहिल्यांदा पाहिला.

उजवीकडे दोनच कागद राहिले होते, आबांबरोबरचा करार आणि त्यांच्या जागेचा सातबारा. त्यांनी सातबारा घेतला, स्टीलची पट्टी काढली आणि ओळीखाली ठेवत ठेवत वाचत गेल्या. 'इतर अधिकार'पाशी पट्टी थांबली. पेन्सिलने हलकं गोल केलं. तिथे लिहिलं होतं, कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. तो सातबारा मी निदान दहा वेळा हातात घेतला असेन. नावं वाचली, क्षेत्र वाचलं. ती ओळ काही कधी वाचली नाही.

त्यांनी समजावलं ते असं. आबांचे वडील ही जमीन कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची असताना कसत होते, आणि कूळकायद्याने त्यांना ती खरेदीने मिळाली. अशी जमीन विकायला, गहाण टाकायला, अगदी भाडेपट्ट्याने द्यायलाही बंधन असतं. २०१४ च्या दुरुस्तीपासून खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा सरकारात भरून आणि कायद्यातल्या अटी पाळून व्यवहार करता येतो, जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागत नाही. आबांच्या जागेचा आकार २ रुपये ४० पैसे. चाळीस पट म्हणजे ९६ रुपये. आणि आम्ही तिथे नऊ लाखांची शेड उभी करणार होतो!

दुसरी गोष्ट त्या कराराची. एका वर्षावरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आमच्या सगळ्या पंचक्रोशीत हा गैरसमज आहे, स्टॅम्पपेपर आणि लाल शिक्का दिसला की काम पक्कं झालं असं वाटतं. मॅडमनी एकच विचारलं, "आबांना मुलं किती?" दोन, दोघेही डोंबिवलीला. "त्यांनी तुम्हाला शब्द दिलाय का?" मी गप्प बसले. आबांवर माझा आजही पूर्ण विश्वास आहे, पण शेड पंधरा वर्षं उभी राहणार होती आणि आबा तेव्हा एकोणऐंशीचे होते.

चिरे दोन महिने झावळ्यांनी झाकून ठेवले. चलन भरलं, तलाठ्याकडे खेटे घातले, फेरफार झाला. गणपतीला दोन्ही मुलगे आले तेव्हा मॅडमनी त्यांनाही बोलावून घेतलं. मसुद्यात 'सदरहू मिळकत' आणि 'उपरोक्त' इतकं होतं की आबांना काही कळेना. मी तसं सांगितल्यावर मॅडमनी तासभर बसून एकेक कलम साध्या भाषेत सांगितलं. आबांनी त्यात स्वतःची एक अट घातली, बांधावरचा फणस तोडायचा नाही. ती अट करारात आहे, कलम ११.

पैशाचं सांगते. पहिल्या बैठकीचे १,०००. करार आणि नोंदणीची धावपळ मिळून १२,०००. मुद्रांक आणि नोंदणी फी वेगळी, ती मी स्वतः ऑनलाइन भरली. ह्यांच्या आधी बाजारात एका वकिलाने थकलेल्या पैशांसाठी "वसुली झाली तर वीस टक्के द्या" असं सांगितलं होतं. वकिलाला अशी निकालावर टक्केवारी घेता येत नाही, हेही मला मॅडमकडेच कळलं.

एकदा मात्र मी उशिरा गेले. वाशीच्या एका व्यापाऱ्याने आगळाचा ८४ हजारांचा चेक दिला, ५ जूनचा. १२ जूनला तो परत आला. "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की," असं तो म्हणत राहिला आणि संबंध बिघडायला नकोत म्हणून मी थांबत राहिले. १८ जुलैला मॅडमकडे गेले तर त्यांनी बोटांवर दिवस मोजले. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला पैशांच्या मागणीची नोटीस जायला हवी, ते दिवस संपले होते. माझा चेहरा बघून त्यांनी चेकवरची तारीख पुन्हा पाहिली. चेक तीन महिने चालतो, तो परत भरा म्हणाल्या. भरला, परत आला, नवा मेमो मिळाला आणि दिवस नव्याने सुरू झाले. या खेपेला चौथ्या दिवशी नोटीस गेली. पैसे द्यायला कायद्याने १५ दिवस असतात, त्याने अकराव्या दिवशी पूर्ण रक्कम पाठवली. नोटिशीचे २,५०० लागले.

अर्धा गुण कापला तो फोनसाठी. कोर्टाच्या वेळेत त्या फोन उचलत नाहीत हे समजू शकते, पण संध्याकाळीही उलट फोन येत नाही. मसुद्याला तीन आठवडे लागले, दोनदा रत्नागिरीला हेलपाटा पडला. फीची पावती मिळते, पण मागावी लागते. जाणार असाल तर साडेपाचनंतर जा, आणि सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार सोबत न्या, नाहीतर परत पाठवतात.

आता रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, यायच्या आत पुन्हा एक फेरी आहे. एका मोठ्या दुकानसाखळीने माल घ्यायची तयारी दाखवलीय, करार नऊ पानांचा पाठवलाय. काल रात्री जेवणं झाल्यावर पट्टी घेऊन बसले आणि ओळीओळीने वाचला. सातव्या पानावर सापडलं, वाद झाल्यास न्यायक्षेत्र फक्त दिल्ली. पेन्सिलने गोल केलंय.