पहिली बाइक: जुनी की कोरी?

शिकताना गाडी एकदा तरी आडवी होतेच, आणि तीही बहुधा उभ्या-उभ्या, यू-टर्न घेताना किंवा स्टँड नीट न लावल्यामुळे. माझी झाली तेव्हा क्लचचा लिव्हर वाकला, टाकीवर बोटभर ओरखडा उठला. गाडी जुनी होती, त्यामुळे लिव्हर बदलला आणि पुढे निघालो. कोरी असती तर आठवडाभर जेवण गेलं नसतं.

जुनीत धोका वेगळा. बघायला जाल तेव्हा इंजिन गार असू द्या. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर मालक काही लपवत असू शकतो. पुढचे शॉकअप दाबून सीलपाशी तेल ओघळतंय का पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं.

कोरीत ही कटकट नाही, वॉरंटी असते, एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मिळण्याची शक्यता जास्त. पण नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात, पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर जपून. शिवाय रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंतच्या सुरुवातीच्या काळात, ते ताणायचं नाही.

माझं मत जुन्या, हलक्या, दीडशे सीसीच्या आसपासच्या गाडीला. फक्त ब्रेकवर तडजोड नको. आणि बघायला जाताना एखाद्या मेकॅनिकला सोबत न्या. मित्राला नको, तो रंगच बघतो.