बीज थेट तलावात सोडावे की आधी नर्सरीत वाढवावे? कोळंबी आणि कार्प संवर्धकांसाठी तुलना

हंगामाच्या शेवटी तलाव उपसल्यावर अपेक्षेच्या निम्माच माल हाती आला, की दोष बहुधा खाद्याला, पाण्याला किंवा शेवटच्या महिन्यात आलेल्या रोगाला दिला जातो. यांतले प्रत्येक कारण खरे असू शकते. परंतु निमखाऱ्या पाण्यातील व्हेनामी कोळंबी असो की शेततळ्यातील रोहू-कटलासारखे कार्प मासे, मरतुकीचा मोठा वाटा पुष्कळदा पहिल्या महिन्यातच पडलेला असतो, आणि त्या वेळी पिल्लू इतके लहान असते की मेलेलेही दिसत नाही. म्हणून ज्याला वाढ आणि जगणुकीचे प्रमाण सुधारण्यासाठी या वर्षी काही रक्कम बाजूला काढता येणार आहे, त्याने आधी बीज कोणत्या आकाराचे आणि कोणत्या मार्गाने तलावात सोडायचे हे ठरवावे. औषधे आणि पूरके यांचा विचार त्यानंतर करावा. मार्ग तीन आहेत: लहान बीज थेट मुख्य तलावात सोडणे, तेच बीज आपल्याच नर्सरीत तीन-चार आठवडे वाढवून मग सोडणे, किंवा दुसऱ्याने वाढवलेले मोठे बीज विकत घेणे. कोकणातील कोळंबी संवर्धकाला आणि देशावरच्या किंवा विदर्भातल्या शेततळेधारकाला यांतून मिळणारे उत्तर वेगवेगळे आहे.

कोळंबी: थेट सोडणे

हॅचरीतून, म्हणजे बीजनिर्मिती केंद्रातून, येणारे पीएल-१० ते पीएल-१२ अवस्थेतील (पोस्ट-लार्व्हा होऊन दहा-बारा दिवस झालेले) बीज म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा, काही मिलिग्रॅम वजनाचा जीव असतो. थेट सोडण्याचा मोठा फायदा म्हणजे कमी खर्च आणि कमी हाताळणी. तलाव नीट वाळवून, चुना देऊन, गाळलेले पाणी भरून त्याला हिरवट-तपकिरी रंग येऊ दिला, तर त्या पाण्यातील सूक्ष्म जीव हेच या पिल्लांचे पहिल्या आठवड्यांतील उत्तम अन्न असते. कमी घनतेने, म्हणजे चौरस मीटरला वीस-पंचवीस पिल्ले सोडणाऱ्या आणि तलावाची तयारी मनापासून करणाऱ्या संवर्धकाला हा मार्ग अजूनही पुरेसा आहे.

अडचण दुसरीकडे आहे. पहिले तीन-चार आठवडे चेक ट्रेवर (खाद्य किती खाल्ले हे पाहण्यासाठी पाण्यात ठेवलेल्या ताटावर) पिल्ले विश्वासार्ह प्रमाणात येत नाहीत आणि फेकजाळ्यात सापडण्याइतकी मोठीही नसतात, त्यामुळे खाद्य तक्त्यानुसार, अंदाजाने टाकावे लागते. समजा, ३ लाख बीज सोडले, ८० टक्के जगले असे धरून खाद्य देत राहिलो आणि प्रत्यक्षात ५५ टक्केच जगले होते. म्हणजे २ लाख ४० हजारांसाठी मोजलेले खाद्य १ लाख ६५ हजार कोळंब्यांपुढे, जवळपास दीडपट, पडत राहते. उरलेले खाद्य तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, तळाची माती काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास देऊ लागते, आणि जी पिल्ले जगली होती त्यांची वाढही खुंटते. सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असताना तो असा दुहेरी वाया जातो. मुळातली मरतूक टाळता आली नसती असे घटकाभर धरले, तरी ती वेळेवर कळली असती तर पुढचे नुकसान टळले असते.

थेट सोडणाऱ्याला यावर एक स्वस्त उपाय आहे, आणि तो फारच थोडे लोक करतात याची खंत वाटते. बीज सोडताना त्यातील १०० पिल्ले मोजून हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, त्याच तलावाच्या पाण्यात ठेवावीत आणि ४८ ते ७२ तासांनी पुन्हा मोजावीत. हाप्यात ६० उरली असतील, तर तलावातही पहिल्या तीन दिवसांत तशीच काहीशी गत झाली असे धरून खाद्य लगेच कमी करावे आणि वाहतुकीत किंवा पाणी जुळवताना काय चुकले याचा शोध घ्यावा. या आकड्यात नंतरची मरतूक येत नाही, पण पूर्ण अंधारापेक्षा हे कितीतरी बरे.

कोळंबी: आपली नर्सरी

नर्सरी म्हणजे प्लास्टिक अस्तराची, छप्पर किंवा शेडनेट असलेली, सतत हवा सोडलेली टाकी. तिच्यात लिटरला एक ते तीन पिल्ले या घनतेने बीज तीन-चार आठवडे ठेवतात. १०० घनमीटरच्या टाकीत लिटरला दोन या हिशेबाने २ लाख बीज मावते. पाणी फारसे न बदलता गूळ किंवा मळी देऊन जिवाणूंचे पुंजके वाढवले, की ते अमोनिया शोषून घेतात आणि पिल्लांना पूरक अन्नही होतात. पिल्लू साधारण पाव ते एक ग्रॅमचे झाले की ते मुख्य तलावात हलवतात.

नर्सरीतून हलवताना पिल्ले मोजता येतात, हा माझ्या मते तिचा सर्वांत मोठा लाभ आहे. ओल्या जाळीत निथळलेल्या पिल्लांचे ठरावीक वजनाचे तीन नमुने घ्यावेत, प्रत्येकातील पिल्ले एकेक करून मोजावीत, दर ग्रॅमला किती बसतात त्याची सरासरी काढावी आणि मग सगळी पिल्ले वजनाने तलावात सोडावीत. तासा-दोन तासांच्या या कामानंतर संवर्धकाला आपल्या तलावात १ लाख ७० हजार कोळंब्या आहेत हे बऱ्यापैकी खात्रीने ठाऊक असते आणि पहिल्या दिवसापासूनचे खाद्य त्या आकड्यावर ठरते. शिवाय अर्ध्या ग्रॅमची कोळंबी चेक ट्रेवर लवकर येऊ लागते, त्यामुळे अंदाजाचा काळ जवळजवळ संपतोच.

दुसरा लाभ रोगाचा. २००९ नंतर चीन, व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये ज्या लवकर मरतुकीच्या रोगाने कोळंबीचे तलावच्या तलाव रिकामे केले, तो व्हिब्रिओ जिवाणूच्या विषामुळे होतो आणि मुख्यतः सोडल्यापासून पहिल्या महिनाभरात आघात करतो. तो नाजूक काळ नियंत्रित टाकीत काढता आला तर धोका कमी होतो, या विचारानेच आशियात नर्सरीचा प्रसार वाढला.

तिसरा लाभ कोकणापुरता विशेष महत्त्वाचा आहे. येथे जूनमध्ये पाऊस धरला की खाडीची क्षारता झपाट्याने उतरते, जांभ्याच्या बांधांवरून येणारे पाणी आम्ल असते, आणि कात टाकण्याच्या बेतात असलेल्या कोळंबीला हा बदल सोसत नाही. फेब्रुवारीच्या गार रात्रींत बीज थेट सोडले तर वाढ रेंगाळते आणि गार पाण्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही बळावतो. उशीर करावा तर माल पावसात सापडतो. मुख्य तलाव वाळत असतानाच छपराखालच्या ऊबदार टाकीत पिल्ले वाढवून मार्चच्या आरंभी सोडली, तर तलावातले तीन-चार आठवडे वाचतात आणि मेअखेर काढणी आवाक्यात येते. कोकणात येणारे बरेचसे बीज आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूच्या हॅचऱ्यांतून लांबचा प्रवास करून येते. थकलेल्या पिल्लांना सावरण्यासाठी खुल्या तलावापेक्षा टाकी केव्हाही चांगली.

आता दुसरी बाजू. नर्सरीत संपूर्ण हंगामाचे बीज एका टाकीत असते. वीज गेली आणि हवा थांबली तर एवढ्या दाट गर्दीत, जिवाणूंच्या पुंजक्यांसह, पाण्यातील प्राणवायू तासाभरातच प्राणघातक पातळीवर उतरू शकतो. कोकणात मे महिन्यातील वळवाच्या वाऱ्यात तारा तुटणे नवीन नाही. म्हणून दोन ब्लोअर, आपोआप सुरू होणारे जनित्र आणि रात्री टाकीशेजारी झोपणारा जबाबदार माणूस, या तीन गोष्टी नसतील तर नर्सरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याशिवाय अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावे लागतात. नायट्राइट कमी क्षारतेच्या पाण्यात अधिक घातक ठरते, कारण त्याला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून रोखणारे क्लोराइड तेथे कमी असते. पिल्ले हलवतानाही ती नुकती कात टाकलेली, मऊ नसल्याची खात्री करून पहाटेच्या गारव्यात, दोन्हीकडची क्षारता आणि तापमान जुळवून हे काम करावे लागते. येथे घाई केली तर तीन आठवड्यांची मेहनत एका सकाळी जाते.

आणि एक गोष्ट नर्सरी मुळीच करू शकत नाही: वाईट बीज चांगले करणे. ईएचपी हा यकृत-स्वादुपिंडात वाढणारा सूक्ष्मबीजाणू परजीवी पिल्लांबरोबर आला, तर पिल्ले मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. दोन महिन्यांनी एकाच तलावात लहान-मोठ्या कोळंब्यांची सरमिसळ दिसते आणि खाद्याचा खर्च तेवढा होऊन बसतो. यावर औषध नाही. पीएलची पीसीआर चाचणी (रोगजंतूचा जनुकीय अंश शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी) हाच बचाव आहे, आणि नर्सरीचा उपयोग एवढाच की तीन आठवड्यांनी दुसरी चाचणी करून गरज पडल्यास टाकीपुरते नुकसान सोसून थांबता येते. बीज तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या हॅचरीतूनच घ्यावे. पीसीआरबरोबर ताणचाचणीही स्वतः करावी: मूठभर पिल्ले हॅचरीच्या निम्म्या क्षारतेच्या पाण्यात अर्धा तास ठेवून पुन्हा मूळ पाण्यात सोडावीत आणि किती तगली ते मोजावे. बरीच मेली, तर ती खेप नाकारावी, मग ट्रक दारात उभा असला तरी.

तिसरा मार्ग, म्हणजे दुसऱ्याच्या नर्सरीतून वाढलेली पिल्ले आणणे, कोळंबीत मी सुचवणार नाही. पिल्लू जितके मोठे तितकी एका पिशवीत कमी मावतात, वाहतूक महागते, आणि त्या नर्सरीतला रोगही सोबत येऊ शकतो. नर्सरी तास-दोन तासांच्या अंतरावर असेल आणि तेथील चाचणीचे अहवाल पाहायला मिळत असतील, तरच विचार करावा.

राहिला प्रश्न पूरकांचा. प्रोबायोटिक, जीवनसत्त्वे आणि यकृताची टॉनिके यांवर मोठी रक्कम खर्च होताना दिसते. तळासाठीचे बॅसिलस जिवाणू किंवा खनिजे, विशेषतः कमी क्षारतेच्या पाण्यात, उपयोगी पडतात हे खरे. पण बीजाची पीसीआर न करता आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) अपुरे ठेवून ही पूरके घेणे म्हणजे भिंतीआधी रंगाचा खर्च करणे होय. प्रतिजैविकांचा तर विचारही नको. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर बंदी आहे आणि त्यांचे अंश सापडले की निर्यातीचा माल परत येतो.

कार्प: येथे उत्तर उलटे आहे

शेततळ्यात मत्स्यजिरे (नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्ले), मत्स्यबीज (इंचभर पिल्ले), बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) आणि वर्षभर राखलेली मोठी बोटुकली असे चार पर्याय असतात. भाव या क्रमाने चढत जातो, म्हणून बहुतेक शेतकरी स्वस्त मत्स्यबीजाकडे वळतात. परंतु शेततळ्याचे पाणी जुलै-ऑगस्टमध्ये भरते आणि पिकांना देता देता मार्च-एप्रिलला तळाशी जाते. रोहू, कटला आणि मृगळ यांचे प्रजननही पावसाळ्यातच होते, त्यामुळे त्याच वर्षीचे बीज घेणाऱ्याला तळे भरते त्या वेळी इंचभर पिल्लेच मिळतात आणि ती बाजाराच्या आकाराची होण्याआधी पाणी संपते. तेथे जगणूक चांगली झाली तरी लहान मासळीला भाव मिळत नाही.

म्हणून पाणी सात-आठ महिनेच टिकणाऱ्या शेततळ्याला मागच्या पावसाळ्यातील, दाट घनतेत आणि कमी खाद्यावर राखलेली बोटुकली सर्वांत योग्य ठरते. असे थोपवून ठेवलेले मासे मोकळे पाणी आणि पोटभर खाद्य मिळताच झपाट्याने वाढून मागचा अनुशेष भरून काढतात. आंध्रातील कोल्लेरू भागातले संवर्धक नेमके हेच करतात. शिवाय हाताच्या बोटाएवढी पिल्ले बेडकाच्या, पाणकिड्यांच्या तोंडून सुटतात, आणि ती नगावर मोजून घेता येतात. कोळंबीच्या नर्सरीने जो आकडा मिळतो तो येथे खरेदीच्या वेळीच मिळतो. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला, हेक्टरी १० हजार या प्रमाणाने, नऊशेच्या आसपास बोटुकली लागते. बाजूंच्या उताराने पाण्याचा पृष्ठभाग कमी होत जातो, हे लक्षात घेऊन थोडी कमीच घ्यावी. या संख्येत एका नगाला जास्त पैसे पडले तरी एकूण रक्कम आवाक्यात राहते. वंशाचा विचारही करावा: भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत निवड पद्धतीने विकसित केलेला जयंती रोहू दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्के सरस ठरला आहे. तो खात्रीच्या केंद्रातून मिळत असेल तर अवश्य घ्यावा.

स्वतः मत्स्यजिरे वाढवणे मात्र विदर्भातील मालगुजारी तलावांवरच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातील सिंचन तलावांवरच्या) सहकारी संस्थांना शोभणारे काम आहे, कारण त्यांच्याकडे छोटी हंगामी तळी आणि हाताशी अनुभवी माणसे असतात. तेथे मोहाची पेंड हेक्टर-मीटरला (हेक्टरभर क्षेत्रातील मीटरभर खोल पाण्याला) २५०० किलो घालून मरळ-शिंगटीसारखे भक्षक मासे आधी काढावेत, दोन-तीन आठवडे विषारीपणा उतरू द्यावा. तीच पेंड पुढे खत होते. जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५६० ग्रॅम तेल आणि १८० ग्रॅम साबण, वारा नसताना पाण्यावर पसरावे, म्हणजे श्वासासाठी वर येणारे पाणकिडे मरतात. एवढे केले नाही तर जिऱ्यांतील बहुसंख्य पिल्ले पंधरा दिवसांत त्या किड्यांच्या पोटी जातात.

एकट्या शेततळेधारकाने या खटाटोपात न पडता मोठ्या बोटुकलीची मागणी मार्चमध्येच नोंदवावी, कारण जुलैत सगळे एकदम मागू लागतात आणि उरलेसुरले मिळते. घेताना डोके मोठे आणि पाठ सुकलेली पिल्ले बाजूला काढायला लावावीत; थोपवून ठेवणे वेगळे आणि उपाशी मारणे वेगळे, आणि अशी उपासमारीने खंगलेली पिल्ले पुढे खाद्य देऊनही सावरत नाहीत. वाहतुकीच्या आदल्या दिवशी त्यांना हाप्यात अन्नाविना ठेवलेले असावे, आणि तळ्यावर पोहोचल्यावर पिशव्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मगच तोंड उघडावे.