पूर्ण हजेरीच्या आठवड्यात उपयोगी पडणारं यंत्र: अरानेट४ कार्बन डायऑक्साइड मीटर

कोविडसारख्या साथीचे निर्बंध सैल व्हायला लागले की ऑफिसं आणि क्लास अर्ध्या हजेरीवरून पूर्ण हजेरीवर येतात. अंतर राखायला फरशीवर काढलेले गोल पुसले जातात, खुर्च्या पुन्हा जवळ सरकतात. खोलीत बाहेरची हवा किती येते हे मात्र कोणी तपासत नाही. अर्ध्या हजेरीत ठीक असलेली खोली पूर्ण हजेरीत ठीक राहीलच असं नाही, आणि तो फरक डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही. हा मीटर घ्यायचा तो त्यासाठी.

लाटव्हियातल्या साफ तेहनिका कंपनीचा अरानेट४ हा ७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी डबा आहे. दोन पेन्सिल सेलवर चालतो, वायर लागत नाही. ई-इंक, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा असल्यामुळे उन्हातही आकडा स्वच्छ दिसतो. कार्बन डायऑक्साइडसोबत तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाबही मोजतो. ब्लूटूथने फोनला जोडला की दिवसभराचा आलेख मिळतो, आणि खरी किंमत त्या आलेखाची आहे. चालता-चालता पाहिलेल्या एका आकड्यावरून फारसं काही ठरवता येत नाही.

आधी आकड्यांचा अर्थ. बाहेरच्या हवेत सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) कार्बन डायऑक्साइड असतो, माणसाच्या उच्छ्वासात जवळपास ४०,०००. म्हणजे खोलीत १२२० दिसत असेल तर वरचे ८०० लोकांच्या श्वासातून आलेत, आणि आत घेतलेल्या हवेपैकी सुमारे २ टक्के हवा आधी कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये घर, ऑफिस अशा जागांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा सुचवली. बसून काम करणाऱ्यांसाठी तो हिशोब केला तर आकडा ९२०च्या आसपास येऊन थांबतो. अरानेट४चा मूळ रंगपट्टा १००० पर्यंत हिरवा, १४०० पर्यंत पिवळा आणि पुढे लाल असा आहे. साथीच्या दृष्टीने हा हिरवा फारच सैल आहे. ८०० ओलांडले की खिडकीकडे जायचं, असा नियम ठेवा.

हजेरीचं गणित साधं आहे. अर्ध्या हजेरीत खोली ७२० वर स्थिर राहत असेल, तर वरचे ३०० दुप्पट माणसांत ६०० होतात आणि मीटर १०२० दाखवतो. दारं-खिडक्या बंद असतील तर चढ याहून वेगाने होतो. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत चार माणसं बसली आणि कुठूनच हवा येत नसेल, तर तासाभरात आकडा २००० पार करतो. मीटिंग रूमचं नेमकं हेच होतं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही. छताचा पंखाही आतलीच हवा फिरवतो. एक्झॉस्ट फॅन उपयोगाचा, पण दार घट्ट लावून तो चालवला तर आत यायला हवेला वाटच राहत नाही. दाराला फट ठेवा.

मीटर ठेवायची जागा चुकली की सगळंच चुकतं. बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे एक ते दीड मीटरवर ठेवा. माणसापासून निदान हातभर लांब, खिडकी आणि एसीच्या झोताच्या बाहेर. कीबोर्डशेजारी ठेवला तर तो तुमचाच श्वास मोजतो. मोजण्याचं अंतर १, २, ५ किंवा १० मिनिटं ठेवता येतं. मीटिंगसाठी १० मिनिटं निरुपयोगी आहेत, २ वर ठेवा. १ मिनिटावर सेल लवकर संपतात. खिडकी उघडल्या-उघडल्या आकडा उतरत नाही, सेन्सरपर्यंत हवा पोचायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात ‘काही फरक नाही’ म्हणून खिडकी लावून टाकू नका.

खोलीचा खरा कस पाहायचा असेल तर लोक बाहेर पडल्यावर पाहा. खिडक्या, पंखे कामाच्या वेळी असतात तसेच राहू द्या. समजा लोक निघाले तेव्हा १४२० होते, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १००० जास्त. ही वाढ ३७ टक्क्यांवर, म्हणजे ३७० वर यायला किती वेळ लागतो ते आलेखात बघा. ७९० व्हायला २० मिनिटं लागली तर तासाला साधारण तीन वेळा हवा बदलते आहे. तासभर लागला तर फक्त एकदा. खिडक्यांची वेगवेगळी मांडणी करून हीच चाचणी पुन्हा करा. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या-थोड्या उघडणं पुष्कळदा एक खिडकी सताड उघडण्यापेक्षा सरस ठरतं.

स्वस्त मीटर घेण्याआधी एक गोष्ट तपासा. अरानेट४मध्ये एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने मोजणारा सेन्सर आहे. बऱ्याच स्वस्त यंत्रांत तो नसतो. ती हवेतली अल्कोहोलसारख्या रसायनांची वाफ आणि इतर वायू मोजून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. फुंकर मारून खरं-खोटं कळत नाही, कारण फुंकरीने दोन्ही चढतात. शेजारी उभं राहून हाताला सॅनिटायझर लावा. आकडा एकदम हजारोंवर उडाला तर ते यंत्र परत करा.

कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटरचा आकडा खऱ्याशी जुळवून घेण्याचीही एक खोच आहे. स्वयंचलित कॅलिब्रेशन ‘गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा’ असं धरून चालतं. चोवीस तास माणसं असलेल्या बंद जागेत हवा त्या पातळीवर येतच नाही, आणि मीटर हळूहळू कमी दाखवायला लागतो. तिथे मॅन्युअल बरं. महिन्यातून एकदा मीटर बाहेर सावलीत, माणसांपासून आणि गाड्यांच्या धुरापासून लांब अर्धा तास ठेवा. ४०० ते ४५० दिसले तर हात लावू नका. बरंच वेगळं दिसलं तरच कॅलिब्रेट करा, आणि तेवढा वेळ मीटर हातात धरून उभे राहू नका.

हा मीटर विषाणू मोजत नाही. हेपा फिल्टरचा (हवेतले बारीक कण अडवणारा) प्युरिफायर लावला किंवा सगळ्यांनी मास्क घातले तर धोका घटतो, आकडा मात्र तोच राहतो. उलट, गॅसची शेगडी पेटली की माणसं नसतानाही आकडा चढतो. आणि ६०० दिसत असले तरी समोरासमोर हातभर अंतरावर तासभर बोलत बसलेल्या दोघांना त्याचा आधार नाही.

एकच मीटर परवडत असेल तर तो आधी जेवणाच्या खोलीत दोन दिवस ठेवा. तिथे मास्क उतरतात, गप्पा होतात आणि खिडकी बहुतेक वेळा बंद असते. मग सर्वांत छोट्या मीटिंग रूममध्ये, आणि त्यानंतर मोठ्या हॉलमध्ये.