ओरिजिन्स की बाल्डर्स गेट ३? चार जणांची टोळी घेऊन निघण्याआधी

या दोन व्हिडिओ गेम्सपैकी सरस 'बाल्डर्स गेट ३'च, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तरीही मला विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' घ्या म्हणून सांगतो. इंदूरमध्ये असं विचारणारे साधारण तीन तऱ्हेचे भेटतात. भंवरकुव्याला क्लासला जाणारा, ज्याच्याकडे थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीतून रात्री आठला घरी पोचणारा, ज्याला जेवणानंतर जेमतेम तास-दीड तास मिळतो. आणि सुदामानगरातली भावंडं, ज्यांना हॉलमधल्या टीव्हीसमोर बसून एकत्र खेळायचंय. तिघांनाही एकच उत्तर देणं म्हणजे फसवणूक आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओरिजिन्स कॅनडातल्या बायोवेअरचा, २००९ चा. बाल्डर्स गेट ३ बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा. तीनेक वर्षं अर्लि अॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला, राहून तो ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. दोन्हींत तुम्ही आणि तुमचे तीन साथीदार अशी चौघांची पार्टी. बाकीचे तळावर थांबतात. तलवारी, जादू, राक्षस, राजकारण दोन्हीकडे आहे.

आधी यंत्राचं बोलू, कारण अर्ध्या लोकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर. साध्या हार्ड डिस्कचा विचार सोडा. किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड असं कंपनीच सांगते. सुखाने खेळायचं तर १६ जीबी आणि आरटीएक्स २०६० सुपर. मधल्या किमतीच्या लॅपटॉपवर सेटिंग खाली आणून कथेचा पहिला अंक निभतो. तिसऱ्या अंकात मात्र खेळ मोठ्या शहरात शिरतो. रस्त्यावर माणसांची गर्दी, प्रत्येकाचा हिशेब प्रोसेसर ठेवणार, आणि तिथे चांगली चांगली यंत्रं धापा टाकतात. मोबाइलच्या रोज दोन जीबीवाल्या पॅकवर डाउनलोड करणार असाल तर अडीच महिने धरून चला. ओरिजिन्सला २० जीबीच्या आसपास जागा पुरते आणि आज कुणाच्याही घरात जे यंत्र पडलेलं असेल त्यावर तो पळतो. मावसभावाने फोनवर विचारलं होतं, "दादा, माझ्या डब्यावर काहीतरी चालेल का रे?" त्याला दुसरं काही सुचवायची गरजच नव्हती.

लढाईचा प्रकार

खरा फरक इथे आहे आणि आवडी-निवडीही इथेच ठरतात.

बाल्डर्स गेट ३ ची लढाई पाळीपाळीने चालते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम, वीस बाजूंचा फासा. तुमच्या भिडूची पाळी आली की एक मुख्य कृती, एक जोडकृती आणि ठरावीक अंतर चालणं, एवढंच हातात. हे ऐकायला कंजूष वाटतं, पण त्या चौकटीत लॅरियनने जे भरलंय ते थक्क करणारं आहे. पहिल्याच अंकात जमिनीखालच्या गुहेत एक राक्षसी कोळीण भेटते. समोरासमोर भिडलात तर ती पार्टीचा फडशा पाडते, कारण ती एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवते. पण ती उभी असते जाळ्यांच्या पुलावर. जाळं आगीने जळतं. एक पेटता बाण पुलावर टाकला की पूल जातो, कोळीण खाली आपटते आणि लढाई सुरू व्हायच्या आतच तिचा बराच जीव गेलेला असतो. हे कुणी सांगत नाही, कुठे बाण दाखवून खुणावत नाही. आग जाळ्याला लागते आणि उंचावरून पडलं की लागतं, या दोन गोष्टी खेळ इमानदारीने पाळतो. गॉब्लिन नावाच्या खुज्या राक्षसांच्या छावणीतही तसंच. त्यांच्या दारूच्या पिपात विष घाला, पुढाऱ्यांना एकेकटं गाठा, गोड बोलून आत शिरा, नाहीतर सरळ त्यांच्याच बाजूने व्हा.

याची किंमत वेळात मोजावी लागते. त्याच छावणीत गडबड झाली आणि सगळे गॉब्लिन एकदम उठले, तर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत तुम्ही नुसते बघत बसता. एकेक लढाई सहज पाऊण तास खाते. रात्री दहाला बसून साडेअकराला उठणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक लढाई, थोडं सामान आवरणं आणि झोप, इतकंच येतं. सामानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पिशवी आवरणं हा या खेळातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. चौघांच्या चार पिशव्या, त्यात शेकडो चिठ्ठ्या, चमचे, पोथ्या, औषधं. दोन वर्षं पॅचेस (दुरुस्त्या) येत राहिले, तरी हा पसारा म्हणावा तसा आवरला नाही.

ओरिजिन्समध्ये लढाई सलग चालते. स्पेसबार दाबला की सगळं थांबतं, चौघांना हुकूम द्यायचे, पुन्हा सोडायचं. दर वेळी थांबायचं नसेल तर प्रत्येक साथीदाराला 'टॅक्टिक्स' लावून ठेवता येतात: जीव पाव हिश्श्याखाली आला तर औषध पी, अॅलिस्टर (दुसरा साथीदार) ज्याला मारतोय त्यालाच तूही मार, जादूगार दिसला की आधी त्याला गाठ. गावाला जाताना आई फ्रिजवर चिठ्ठ्या लावून जाते तसं. चिठ्ठ्या नीट लिहिल्या असतील तर लहानसहान चकमकी तुम्ही बोट न लावता निपटतात, आणि मला तरी यातलं समाधान बाल्डर्स गेटच्या कुठल्याही चालीपेक्षा जास्त वाटतं. माझी माणसं मी शिकवली तशी लढली! वाईट लिहिल्या असतील तर मात्र आग ओकणारा मंत्र आपल्याच माणसांच्या पाठीवर फुटतो.

दोषही मोठे आहेत. जादूगार इतके जबर आहेत की दोन जादूगार घेतले की बाकीच्यांची गरज उरत नाही. आणि चकमकी लहान असल्या तरी संख्येने अती. बुटक्यांच्या राज्याखालचे 'डीप रोड्स' म्हणजे तासन्‌तास तेच बोगदे आणि तेच शत्रू. जादूगारांच्या मनोऱ्यातला 'फेड' नावाचा स्वप्नलोक इतका रटाळ आहे की तो वगळता यावा म्हणून लोकांनी वेगळा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेला खेळातला बदल, बनवला. पहिल्यांदा खेळताना एकदा सोसा. दुसऱ्या वेळी बेलाशक मॉड लावा.

सोबतीची माणसं

पार्टीवाल्या खेळाची परीक्षा मी एका गोष्टीवर करतो: सोबतचा माणूस मला "नाही" म्हणू शकतो का, आणि म्हटल्यावर माझं काही बिघडतं का.

इथे ओरिजिन्स आजही ताठ उभा आहे. पुढच्या दोन-चार वाक्यांत कथेचा थोडा भाग फुटेल, नको असेल तर हा परिच्छेद ओलांडा. एका टप्प्यावर तुम्हाला पवित्र अस्थी सापडतात आणि त्या विटाळण्याचा पर्याय मिळतो. लेलियाना किंवा विन या साथीदार सोबत असतील तर त्या तोंड फिरवून गप्प बसत नाहीत, शस्त्र उपसून तुमच्यावर चालून येतात. इतके दिवस जिला लेव्हल देत, उत्तम धनुष्य शोधून देत वाढवलं, तिच्याशीच लढायचं. शेवटाकडे सरदारांच्या सभेत तुम्ही एका शत्रूला जीवदान दिलंत तर अॅलिस्टर टोळी सोडून निघून जातो. समजूत घालायची सोय नाही.

हीच माणसं एरवी मात्र विकाऊ निघतात, ही ओरिजिन्सची गंमत म्हणा की खोट. तळावर जाऊन भेटवस्तू द्यायच्या, मर्जीचा आकडा वर चढतो. सकाळी एखाद्याच्या तत्त्वांना लाथ मारायची आणि संध्याकाळी त्याला आवडीची मूर्ती नेऊन द्यायची, हिशेब चुकता.

बाल्डर्स गेट ३ ची माणसं जास्त जिवंत दिसतात. चेहरे बोलतात, आवाज अप्रतिम आहेत, अॅस्टॅरियनची एक भुवई उंचावली तरी कळतं की तुम्ही मूर्खपणा केलाय. लेझेल आणि शॅडोहार्ट एका रात्री तळावर एकमेकींवर सुरा उपसतात तो प्रसंग विसरण्यासारखा नाही. गॉब्लिनांना मिळालात तर विल आणि कार्लॅक तुमच्यासोबत राहत नाहीत. पण एरवी ही मंडळी फार लवकर विरघळतात. थोडं चांगलं वागलं की जो तो प्रेमात. खेळ नवा असताना 'गेल' नावाचा साथीदार तर बगमुळे (प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे) जरा जास्तच सलगी करायचा. ते नंतर दुरुस्त झालं, पण स्वभाव पुरता गेला नाही. शिवाय त्यांचे बरेच प्रसंग तुम्ही तळावर रात्रभर झोपलात तरच उलगडतात. काटकसरी खेळाडू औषधं वाचवत, न झोपता पुढे पुढे जातो आणि निम्म्या गोष्टींना मुकतो. खेळ हे नीट सांगत नाही, म्हणून मी सांगतो: झोपा, शिधा भरपूर मिळतो.

गोष्ट कुणाची

ओरिजिन्सच्या नावातच त्याची करामत आहे. सुरुवाती सहा. राजघराण्यातला बुटका, गल्लीतला बुटका, मानवी सरदाराचं लेकरू, मनोऱ्यातला जादूगार, रानातला एल्फ आणि शहरातल्या वस्तीतला एल्फ. शहरी एल्फ घेतलात तर खेळ सुरू होतो तुमच्या लग्नाच्या दिवशी, आणि मांडवात सरदारपुत्र माणसं घेऊन घुसतो. पुढे पन्नासेक तासांनी तुम्ही त्याच वस्तीत परत येता तेव्हा तिथली माणसं तुम्हाला ओळखतात. इतर कुणी म्हणून खेळलात तर तीच वस्ती तुमच्याकडे परक्यासारखी बघते. पात्र घडवताना केलेली निवड शेवटपर्यंत पुरते, असं फार थोड्या खेळांत होतं.

बाल्डर्स गेट ३ मध्ये मेंदूत अळी सोडलेले सहा-सात जण एकत्र येतात आणि त्यातले तुम्ही एक. स्वतःचं पात्र बनवलंत तर प्रत्येकाचं काहीतरी मोठं लफडं असतं, फक्त तुमचंच नसतं. यावर उपाय 'डार्क अर्ज' ही तयार सुरुवात. तिच्यात कथा तुमच्या अंगाशी येते. रक्तपाताची ज्यांना शिसारी आहे त्यांना ती सोसवणार नाही, बाकीच्यांनी डोळे मिटून तीच घ्यावी. तिसऱ्या अंकात कथेचे धागे इतके होतात की मुख्य संकट घाईचं आहे हे आपण विसरतो. लेव्हलही बाराव्यावर थांबते, आणि शहर पालथं घालणारा माणूस तिथे लवकर पोचतो. पुढे सामानच काय ते वाढतं.

बोलण्यातून काम काढण्याची दोन्हींची रीत निराळी. ओरिजिन्समध्ये तुमचं कौशल्य पुरेसं असलं तर जमतं, नाहीतर नाही. बाल्डर्स गेटमध्ये फासा पडद्यावर गडगडतो, आणि एक पडला की कितीही हुशार पात्र असो, तोंडघशी. अशा वेळी सगळे जुना सेव्ह लोड करतात. एखाद-दोनदा तरी तसं न करता पुढे जा, फजितीतून निघणारे रस्ते लॅरियनने जास्त मनापासून लिहिलेत.

भावंडांसाठी

इथे तुलनाच नाही. ओरिजिन्स एकट्याचा खेळ आहे, आणि पीसीवर त्याला कंट्रोलरसुद्धा मुळात चालत नाही. बाल्डर्स गेट ३ एकाच पडद्यावर दोघांना आणि ऑनलाइन चौघांना खेळता येतो. जेल रोडवरच्या डॉलर मार्केटमधून दुसरा कंट्रोलर आणा आणि बसा. फक्त हॉलमध्ये लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन नग्नतेचे पर्याय बंद करा. काकू चहाचा ट्रे घेऊन नेमक्या केव्हा येतील ते सांगता येत नाही.

यंत्र मधलं असेल आणि तरी दोघांना खेळायचं असेल, तर लॅरियनचाच २०१७ चा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' बघा. ६० जीबी, किमान ४ जीबी रॅम, एका पडद्यावर दोघे. आग, तेल, पाणी, वीज यांचा धुडगूस त्यात आणखी जास्त. चिलखताची पद्धत मात्र मला पटलेली नाही. शत्रूचं चिलखत उतरेपर्यंत कुठलाही गुंगीचा मंत्र लागत नाही, त्यामुळे आधी सोलायचं आणि मग मारायचं हा एकच क्रम होऊन बसतो.

घेताना

क्लासवाल्या पोराने ओरिजिन्स घ्यावा. सुपर कॉरिडॉरवाल्यानेही, जरी त्याच्याकडे यंत्र दमदार असलं तरी: साठेक तासांत संपतो, आणि तास-दीड तासाच्या बैठकीत काहीतरी पुढे सरकतं. बाल्डर्स गेट ३ शंभर तासांच्या पुढे जातो, तो सुट्टीसाठी किंवा सोबतीसाठी ठेवा. त्याची किंमत तीन हजारांच्या घरात आहे, आणि स्टीम या ऑनलाइन दुकानावर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असलात तर पैसे परत मिळतात. पण त्या दोन तासांतला एक पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच जातो, म्हणून पहिल्या वेळी तयार चेहरा घ्या, खेळ जिथे सुरू होतो त्या जहाजातून झटपट बाहेर पडा आणि लॅपटॉप किती तापतो ते बघा.

ओरिजिन्सची अल्टिमेट आवृत्तीच घ्या. तिच्यात 'अवेकनिंग' ही पुरवणी आणि सगळे जोडभाग येतात. २००९ मध्ये तळावर एक माणूस उभा असायचा, तो तुम्हाला आपली करुण कहाणी ऐकवायचा आणि मदत करतो म्हटलं की खऱ्या पैशांचं दुकान उघडायचा. या आवृत्तीत तो प्रकार नाही. नव्या विंडोजवर खेळ मधूनच बंद पडतो, त्यावर चार जीबी मेमरी वापरू देणारा छोटा पॅच आहे, तो पहिल्याच दिवशी लावा. आणि सेटिंगमधून अंगावर टिकून राहणारं रक्त बंद करा, नाहीतर दोन उंदीर मारून आलेली टोळी खाटकाच्या दुकानातून आल्यासारखी लाल तोंडं घेऊन राजाशी बोलत उभी राहते.